खांबाआडची खुर्ची

आत्मविश्वास पोटातून येतो, असं खालच्या मजल्यावरच्या वकीलकाकांचं मत होतं. तो पाठीच्या कण्यातून येतो, असं आत्याचं. आणि तो शिट्टीतून येतो, असं शिट्टीसाहेबांचं. कुजबुजीला पोट होतं, कणा होता, आणि शिट्टी तर रोज कानापाशीच वाजत होती. तरी आत्मविश्वास काही येईना. आला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि बऱ्याच मोठ्या माणसांची अब्रू वाचली असती.

कुजबुज हे तिचं घरातलं नाव. शाळेत ती 'हजर' म्हणायची आणि बाई गैरहजेरी मांडायच्या. आवाज वाईट नव्हता. पाचोळ्याखालून पाणी जावं तसा होता. जो वाकून कान देईल त्याला गोड, आणि जो उभ्यानेच चालला त्याला नुसता पाचोळा. पण वाकायला हल्ली सवड कोणाला आहे? कंबर दुखते म्हणे लोकांची.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला कुठेतरी इंटर्नशिप करून प्रमाणपत्र आणायचं, नाही आणलं तर वर्ष गेलं, असा नियम. कुजबुज आधी वाचनालयात गेली. तिथे तिला नको म्हणाले. लोकांना गप्प बसवायला आवाज लागतो. मग एका फुटबॉल क्लबच्या विक्री विभागाने तिला घेतलं. निवडलं असं म्हणण्यात अर्थ नाही, त्या जागेला दुसरं कोणी आलंच नव्हतं.

क्लब व्यावसायिक होता. खेळाडूंना पगार होता, काळ्या काचांची बस होती, गुडघ्यांसाठी वेगळा डॉक्टर होता. जिंकायचं तेवढं राहून जायचं. गेल्या हंगामात तर समोरचे संघ सामना संपल्यावर जिंकल्याचा आनंद बाजूला ठेवून आधी यांचं सांत्वन करायचे. अशा संघाचे सामने वर्षभर बघण्यासाठी लोकांनी आगाऊ पैसे भरावेत, म्हणून फोन करायचे, हे विक्री विभागाचं काम. प्रत्येक शिकाऊ माणसाने हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी निदान एक पास विकायचा. तो पास पहिला सामना उरकेपर्यंत परत आला नाही, तरच प्रमाणपत्र. नाहीतर नमस्कार.

शिट्टीसाहेब या विभागाचे प्रमुख. जन्मात त्यांनी चेंडूला पाय लावला नव्हता, पण अंगात कायम खेळाडूंचा ट्रॅकसूट, आणि त्यालाही इस्त्रीची घडी. गळ्यात शिट्टी. पास विकला गेला की ती वाजायची आणि सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या. वरच्या खिशात पंचांसारखी दोन कार्डं, पिवळं आणि लाल. फोनवर 'माफ करा', 'त्रास दिला', 'जमलं तर' यांतलं काहीही तोंडातून निघालं की पिवळं कार्ड नाकासमोर यायचं. पहिल्या पिवळ्याला उभं राहून फोन करायचा, दुसऱ्याला खुर्चीवर चढून. लाल कार्ड म्हणजे घर.

"उंचीवरून बोललं की आवाजाला वजन येतं," साहेब म्हणायचे. हे त्यांना एका शिबिरात कळलं होतं. साहेबांना जे काही कळलेलं असे ते शिबिरातच.

कुजबुज पहिल्या आठवड्यातच खुर्चीवर राहायला गेली म्हणायला हरकत नाही. तिचे फोन असे चालायचे: "नमस्कार, माफ करा, त्रास दिला, हंगामाचा पास हवा होता का, म्हणजे जमलं तर." एका वाक्यात तिन्ही. साहेबांचा हात खिशातून बाहेर यायचा आणि परत आत जायला विसरायचा.

शेजारच्या टेबलावर दुसरा शिकाऊ होता, त्याला सगळे तोफ म्हणत. तो फोन उचलायच्या आधीच ओरडायला लागायचा. दिवसाकाठी त्याच्यासाठी बरेचदा शिट्टी वाजायची. दुसऱ्या दिवशी तीच गिऱ्हाइकं शुद्धीवर आल्यावर पास रद्द करायची, पण रद्द झाल्याची शिट्टी वाजवायची पद्धत नव्हती. त्यामुळे तोफेची कीर्ती वाढतच गेली.

घरी ही बातमी पोचली आणि घराने कुजबुजीचा आत्मविश्वास आपल्या हातात घेतला. घर म्हणजे दोन खोल्या, आई, बाबा, नवऱ्याशी पटत नाही म्हणून भावाकडे राहिलेली आणि भावाशीही न पटणारी आत्या, आणि जिन्यातून आवाज ऐकून वर येणारे वकीलकाका.

"बोलणाऱ्याची माती खपते, आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात," आत्या म्हणाली. "ताठ बस आधी."

"ताठ बसून काही होत नाही," वकीलकाका म्हणाले. "बेंबीपासून आवाज काढायचा. मी कोर्टात उभा राहिलो की न्यायाधीश दचकून जागे होतात."

"आणि मग?" आईने विचारलं.

"मग तारीख देतात."

ठरलं असं, की रोज जेवताना बाबांनी गिऱ्हाईक व्हायचं आणि कुजबुजीने त्यांना पास विकायचा. आता बाबांना गिऱ्हाईक करणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला थेट समुद्रात ढकलणं. त्या माणसाने आयुष्यात कुठलीही वस्तू पहिल्या भेटीत घेतलेली नव्हती. दुकानात जायचे, वस्तू हातात घ्यायचे, उलटी करून बघायचे आणि म्हणायचे, "विचार करून सांगतो." आईला बघायला गेले तेव्हाही हेच म्हणाले होते आणि आईने ते आजवर विसरलेलं नव्हतं.

"हं, विक," बाबा घास घेत म्हणाले.

"बाबा, आमच्या क्लबचा पास..."

"मी बाबा नाही. मी गिऱ्हाईक."

"साहेब, आमच्या क्लबचा पास घ्याल का?"

"छत आहे का?"

"आहे."

"मग ऊन कसं मिळणार?"

"अहो, घ्या की एक," आई म्हणाली. "पोरीचा घसा सुकला."

"तू मध्ये पडू नकोस. तू या व्यवहारात नाहीस."

"मी नाही? मग मी माझा वेगळा घेते. कुजबुज, मला दे एक पास, पहिल्या रांगेतला."

"पैसे कोण देणार?" बाबांनी विचारलं, आणि तिथून पुढे पास बाजूला राहिला. आईबाबांचं पुष्कळ जुनं निघालं. आत्याने दोन्ही बाजूंना मुद्दे पुरवले. वकीलकाकांनी बेंबीपासून आवाज काढून दाखवला. बाबांनी उठताना गिऱ्हाइकाच्या भूमिकेतूनच सांगितलं, "विचार करून सांगतो." कुजबुजीने ताटं उचलली. आईने आपणहून पास मागितला, ही त्या संध्याकाळची एकुलती एक विक्री, आणि तीही भांडणात वाहून गेली.

इकडे क्लबात वेगळीच पंचाईत उभी होती, आणि ती सिमेंटची होती. चांगल्या जागा जुन्या विक्रेत्यांनी वाटून घेतल्यावर शिकाऊंच्या वाट्याला पूर्वेच्या कोपऱ्यातला भाग आला. कुजबुज एकदा दुपारी तिथे स्वतः जाऊन बसली. विकायची वस्तू आधी वापरून बघावी, एवढा साधा विचार त्या विभागात आजवर कोणी केला नव्हता. बसली आणि समोर बघते तो खांब. चांगला चार माणसांनी कवेत घ्यावा असा. डावीकडून गवताची एक पट्टी दिसे, उजवीकडून कोपऱ्यातला झेंडा. मधलं मैदान, दोन्ही गोल, खेळ म्हणतात तो सगळा, खांबाच्या पोटात.

"साहेब, तिथे खांब आहे," तिने सांगितलं.

"संगणकात बघ. काय लिहिलंय?"

"संपूर्ण दृश्य."

"मग झालं."

ती बांधकाम विभागात गेली. तिथल्या कारकुनाने मैदानाचा नकाशा टेबलभर पसरला, त्याच्या कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले आणि बोट फिरवत म्हणाला, "खांब नाहीये."

"आहे हो. मी आत्ता हात लावून आले."

"असेल. पण नकाशात नाही. छत खचायला लागलं तेव्हा मागाहून टेकू दिला होता, तात्पुरता. तात्पुरत्या गोष्टी आम्ही नकाशात घेत नाही."

"कधी दिला?"

"मी लागायच्या आधी." कारकुनाचे केस पांढरे होते.

"मग तो नकाशात आणायला काय करावं लागेल?"

"खांब मंजूर करून घ्यावा लागेल. पण तो मंजूर नसताना बांधला कसा, याची चौकशी आधी होईल. चौकशी चालू असताना त्याच्यावर भार ठेवता येत नाही. म्हणजे छत उतरवावं लागेल." त्याने कप उचलले. नकाशा आपोआप गुंडाळला गेला. "तुम्हाला कशाला हवाय खांब?"

शिट्टीसाहेबांना हे सांगितल्यावर त्यांनी तोडगा काढला. त्या भागाचं नाव 'स्तंभ-वैभव विभाग' ठेवलं आणि पुन्हा म्हणाले, "आवाजात विश्वास पाहिजे. विश्वास असला की खांबसुद्धा आरपार दिसतो." तोफेने लगेच विश्वासाने पास विकले. गिऱ्हाइकं जागा बघून आली आणि विश्वासाने शिव्या देऊन गेली.

कुजबुजीला मात्र ते जमेना. 'संपूर्ण दृश्य' हे शब्द ओठापर्यंत यायचे आणि तिथेच बसायचे, चप्पल हरवलेल्या पाहुण्यासारखे. पहिला सामना तोंडावर आला. सगळ्या शिकाऊंच्या नावाला काही ना काही लागलं होतं. हिच्या नावाला पिवळी कार्डं. साहेबांनी लाल कार्ड खिशातून काढून टेबलावर, तिला दिसेल असं ठेवलं. रागावले नव्हते ते. हसत होते, आणि ते हसू कार्डापेक्षा जास्त लागलं.

त्या दिवशी ती खुर्चीवर उभी होती. डोकं पंख्याच्या जरा जास्तच जवळ. तिने पुढचा नंबर लावला. एका निवृत्त दंतवैद्याचा. बरीच वर्षं पास घेत होते, मागच्या हंगामानंतर बंद केलेला.

"बोला," पलीकडून आवाज आला. "संघ या वर्षी नव्या जोमाने उतरणार आहे, हेच ना? दरवर्षी कोणीतरी फोन करून हेच सांगतं. मी का घ्यावा पास, तेवढं सांगा."

कुजबुजीने डोळे मिटले. पोट, कणा, शिट्टी, उंची, सगळं आठवून पाहिलं. आणि मग, चुलीवर ठेवून विसरलेलं दूध जसं न सांगता वर येतं, तसं तिच्या आतून काहीतरी वर आलं.

"नका घेऊ," ती म्हणाली.

खोलीतले इतर फोन थांबले. आवाज मोठा नव्हता, पण त्या खोलीत हे शब्द यापूर्वी कोणी उच्चारलेच नव्हते.

"नका घेऊ. जागा खांबाआड आहे. संगणकात तो खांब नाही, नकाशात नाही, पण बसलात की तोच दिसतो, दुसरं काही नाही. गोल झालेला दिसणार नाही. तसे आपल्याकडून होतही नाहीत, पण आपल्यावर होतात ते सगळे ऐकू येतील. नवा जोम वगैरे काही नाही. मी सरावाला बघितलंय, एकमेकांच्या पायात पडतात. मी माफी मागत नाहीये. मागितली की मला इथे खुर्चीवर चढवतात, आणि मी आधीच चढलेली आहे."

शिट्टीसाहेबांनी लाल कार्ड उचललं.

"मुली," दंतवैद्य म्हणाले, "मी जन्मभर लोकांना 'दुखणार नाही' असं सांगत आलो. प्रत्येकाला दुखलं. दुखेल असं आधी सांगणारं माणूस मला आज भेटलं." घसा खाकरून त्यांनी विचारलं, "खरंच काही दिसत नाही?"

"कोपऱ्यातला झेंडा दिसतो."

"झेंडा चालेल. हे बघ, मला तिथे येऊन बसायचंय. आयुष्य गेलं त्या मैदानात, घरी बसवत नाही. पण आता बघवतही नाही. मागच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, एक तर फुटबॉल सोडा नाहीतर मीठ. मी मीठ सोडलं, तरी भागलं नाही. खांब जाड आहे ना?"

"चार माणसांच्या कवेत येईल एवढा."

"मग दे. आणि शेजारची आमच्या मित्रासाठी ठेव. त्याचा रक्तदाब माझ्यापेक्षा वर चढतो."

शिट्टी तोंडापर्यंत गेली, पण वाजली नाही. साहेबांच्या एका हातात लाल कार्ड होतं आणि दुसऱ्या हाताला काय करावं ते कळेना.

आता प्रेमाची तऱ्हाच अशी. ज्याच्यावर जीव जडला, त्याला सोडवत नाही आणि बघवतही नाही. आजारी माणसाच्या खोलीबाहेर बाकावर बसून राहणारे नातेवाईक असतात ना, तशी या क्लबवर जीव टाकणारी पुष्कळ माणसं शहरात होती. मित्राने मित्राला सांगितलं, भावाने मेव्हण्याला. लोक फोन करून विचारायला लागले, "ते खांबाआडचं काही आहे का शिल्लक?" कुजबुज सांगायची, "काही दिसणार नाही हं," आणि पलीकडचा सुस्कारा टाकून म्हणायचा, "बरं झालं." त्या छताला असे तात्पुरते टेकू आणखीही होते, त्यांच्या आडच्या जागाही गेल्या. संपूर्ण दृश्य असणाऱ्या जागा रिकाम्याच राहिल्या.

शिट्टीसाहेबांना यातून मोठं ज्ञान झालं. त्यांनी कुजबुजीचं बोलणं टाइप करवून घेतलं आणि सगळ्यांना पाठ करायला लावलं. तोफ बेंबीपासून ओरडू लागला, "नका घेऊ!" आणि लोक ऐकून खरोखरच घेईनात. वर्तमानपत्राचा माणूस आला, त्याला साहेबांनी खांबाला टेकून फोटो दिला. खाली छापून आलं की ही कल्पना साहेबांना एका पहाटे व्यायाम करताना सुचली. बांधकाम विभागाने तो फोटो बघितला असणार, पण त्यांच्या लेखी साहेब हवेलाच टेकलेले.

मग पहिला सामना आला, आणि अनर्थ झाला. संघ जिंकला.

कसा जिंकला, हे आजही कोणी सांगू शकत नाही. निदान खांबाआडच्यांपैकी तरी नाही. शेवटच्या क्षणी गोल झाला तो बरोबर खांबामागे. सगळं मैदान उसळलं. दंतवैद्यांनी सवयीप्रमाणे 'झाला आपल्यावर' म्हणून डोळे मिटून घेतले. कोणीतरी त्यांना मिठी मारली, तेव्हा त्यांना वाटलं, सांत्वन करताहेत. आपल्या संघाने गोल केला, एवढ्या वर्षांनी केला, आणि आपण त्याच मैदानात बसून झेंडा बघत होतो, हे ध्यानात आल्यावर त्या मंडळींचं जे झालं ते बघवत नव्हतं. म्हातारी माणसं, पोक्त माणसं, हातात पास घेऊन तिकीटखिडकीवर चालून आली.

"पैसे परत द्या. आम्हाला दिसलं नाही."

"आयुष्यातला एक गोल, आणि तो तुमच्या खांबाने खाल्ला."

शिट्टीसाहेब खिडकीच्या आत, टेबलाखाली कसलासा कागद शोधायला वाकले होते. बरेच वाकले होते. तिथूनच ते कुजबुजीला म्हणाले, "ही सगळी योजना तुझी. तू बघ. पास परत आले की तुझी विक्री शून्य, आणि मग तुला माहितीये." ट्रॅकसूटच्या खिशातून लाल कोपरा बाहेर डोकावत होता.

कुजबुज बाहेर आली. चढायला खुर्ची नव्हती. बेंबी, कणा यांतलं काही आठवलंही नाही. ती नेहमीच्याच आवाजात बोलायला लागली.

"काय म्हणतेय?" मागचे म्हणाले.

"गप्प बसा, ऐकू द्या," पुढचे म्हणाले. आणि ती अख्खी गर्दी, पाठीच्या मणक्यांची आपापली दुखणी विसरून, जरा पुढे वाकली.

"मी फोनवर काय सांगितलं होतं? दिसणार नाही. आज दिसलं का?"

"नाही," गर्दी रागाने म्हणाली.

"म्हणजे मी विकलं ते तुम्हाला मिळालं."

"पण हे जिंकतील असं तू नाही सांगितलंस," दंतवैद्य म्हणाले. डोळे लाल झाले होते त्यांचे.

"मला माहीत नव्हतं, काका. त्यांनाही माहीत नव्हतं. गोल झाल्यावर आपलेच खेळाडू पंचांना विचारत होते, नक्की ना म्हणून."

कोणीतरी फिसकन हसलं.

"पास परत द्यायचे असतील तर द्या, मी घेते," ती म्हणाली. "समोरच्या जागा भरपूर मोकळ्या आहेत, तिथले देते. तिथून सगळं स्वच्छ दिसतं. एवढंच की मग पुढचे सगळे सामने बघावे लागतील."

गर्दी विचारात पडली. हंगाम लांबलचक पडला होता पुढे. एक गृहस्थ पास घडी करत पुटपुटले, "पुढच्या आठवड्यात कोणाशी आहे?" शेजाऱ्याने सांगितलं. ते ऐकून आणखी काहींनी पास खिशात घातले.

दंतवैद्यांनी आपला पास दोन्ही हातांत धरून पाहिला. "एवढं सगळं बघायचं वय नाही राहिलं," ते म्हणाले. "पण मुली, परत असं काही व्हायला लागलं तर हाक मार. मी खांबाच्या बाजूने मान काढीन."

"मारीन," ती म्हणाली. "पण माझी हाक ऐकू यायची नाही."

"येईल," ते म्हणाले.

पास एकही परत आला नाही. सोमवारी शिट्टीसाहेबांनी प्रमाणपत्रावर सही केली. 'उल्लेखनीय आत्मविश्वास' असं त्यात लिहिलं, आणि तो आत्मविश्वास कोणाच्या मार्गदर्शनामुळे आला तेही लिहिलं. मग खुर्ची पुढे सरकवून, या वेळी बसायला, म्हणाले, "उद्यापासून तू इथे नोकरीला. नव्या शिकाऊंना आत्मविश्वास शिकवायचा."

कुजबुजीने प्रमाणपत्र आधी पिशवीत नीट ठेवलं. मग म्हणाली, "विचार करून सांगते."

त्या विभागाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती: 'विचार करून सांगतो म्हणणारं गिऱ्हाईक गेलं असं समजा.' साहेबांनी पाटीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. गळ्यातली शिट्टी चाचपली.

"अगं, तसं नको," ते म्हणाले. "माझं काही चुकलं असेल तर माफ कर. जमलं तर आजच सांग."

पिवळं कार्ड टेबलावरच पडलं होतं. कुजबुजीने ते उचललं, साहेबांच्या नाकासमोर धरलं आणि परत जागच्या जागी ठेवून दिलं. साहेब उभे राहिले. सवयच होती त्या खोलीला.

घरी सगळे वाट बघत होते. वकीलकाका तर जिन्यात न थांबता सरळ आत येऊन बसले होते.

"काय म्हणालीस मग त्यांना?" बाबांनी विचारलं.

"विचार करून सांगते म्हटलं."

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. वकीलकाकांनी बेंबीपासून उसासा सोडला. बाबांनी मात्र पाण्याचा पेला हातात घेतला आणि दुकानातली वस्तू बघावी तसा फिरवला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, की जणू बापजाद्यांची एखादी वस्तू पोरीच्या हातात दिसली. मग त्यांनी पेला खाली ठेवला आणि, आईने पुढे अनेकदा साक्ष दिली त्याप्रमाणे, जराही विचार न करता म्हणाले,

"मला एक दे तो खांबाआडचा पास."

"संपले, बाबा," कुजबुज म्हणाली. सगळे ऐकायला वाकले होते. "पुढच्या वर्षी बघू. जमलं तर."